बुटकीवरचा आळ

मास्तरांनी निवृत्तीनंतर शेती सुरू केली, म्हणजे शेतीवर बोलायला सुरुवात केली. फाटकात कोणी उभा राहिला, अगदी पत्ता विचारायला आलेला असला, तरी मास्तर त्याला चक्र समजावून सांगत. शेतातला चारा गायीला, गायीचं शेण शेताला. बाहेरून काही आणायला नको. बोट हवेत गोल फिरायचं आणि शेवटी गोठ्याकडे वळायचं. तिथे त्यांची बायको, म्हणजे काकू, शेण भरत असायच्या. या थोर चक्राचा सगळा भार एकाच गायीवर होता. उंचीला कमी म्हणून तिचं नाव बुटकी.

वासरू असतानाच तिची आई मेली, तेव्हा काकूंनी तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. लेक नोकरीसाठी लांब गेल्यापासून काकू दिवसभरात जे काही बोलायच्या ते बहुतेक बुटकीशीच. मास्तरांसमोर बोलायला वाव मिळेल तर ना!

यंदा मात्र घेवडा रुसला. बुटकीचं खत घातलेल्या प्रत्येक वाफ्यात त्याची पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले. मास्तर दोन दिवस हात मागे बांधून वाफ्यांभोवती फिरले आणि त्यांनी निकाल जाहीर केला.

"खत घातलं तिथेच रोग. म्हणजे शेणात दोष, म्हणजे गायीत दोष. काढून टाकू तिला. गुरांचा दलाल तीन आठवड्यांनी येतोय."

"अहो, पण त्याच खतावर मका तरारलाय की!"

"मका सोशिक असतो," मास्तर म्हणाले. विषय संपला.

काकू रडल्या नाहीत. रडणं म्हणजे उत्तर येत नसल्याची कबुली, असं मास्तरांचं ठाम मत होतं. काकूंनी बिस्किटांचे तीन रिकामे डबे घेऊन तळाला भोकं पाडली. पहिल्यात मातीबरोबर बुटकीचं गेल्या वर्षीचं खत घातलं, दुसऱ्यात यंदाचं. तिसऱ्यात शेण नाहीच. माती आणि बुटकी रोज खाते तो, यंदा आधी कापलेला वाळका मका, बारीक चिरून. तिन्हींत घेवड्याचं बी लावलं आणि डबे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले.

"चालू द्या भातुकली," म्हणत मास्तर फाटकाकडे गेले.

दलाल ठरल्या दिवशी हजर झाला. बुटकीने त्याचाही हात चाटला. माणसं ओळखण्यात ती पहिल्यापासून कच्चीच. काकूंनी डबे आणून अंगणात मांडले. पहिल्यातला घेवडा ताठ उभा होता. दुसऱ्यातली पानं वाटीसारखी वळलेली. तिसऱ्यातलीही अगदी तशीच.

"पहिल्यात शेण हिचंच, घेवडा ठणठणीत," काकू म्हणाल्या. "तिसऱ्यात तर शेणच नाही, नुसता तुमचा मका. मग हिने काय केलं? तुम्ही घातलंत ते खाल्लं आणि इमानाने शेतात पोचवलं."

मास्तरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी पिशवीतून तणनाशकाची रिकामी बाटली काढली. तण उपटायला कंबर वाकवावी लागू नये म्हणून मास्तरांनीच यंदा पहिल्यांदा ते त्या मक्यावर फवारलं होतं, आणि मग आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला स्वच्छ सऱ्या दाखवल्या होत्या.

"वाचा. मोठ्याने."

प्रश्न नीट न वाचणाऱ्या पोरांचे तीस वर्षं गुण कापलेल्या मास्तरांनी चष्मा चढवला. "या पिकाचा चारा खाल्लेल्या जनावराचे शेण... शेंगांच्या पिकांना घालू नये." शेवटचे शब्द ऐकायला दलालाला पुढे वाकावं लागलं.

"मग गाय न्यायची की नाही?" त्याने विचारलं.

"राहू दे," मास्तर पुटपुटले.

"रिकाम्या हाताने नका जाऊ हो," काकू दलालाला म्हणाल्या. "फवारणीचा पंप आहे. तो न्या."

मग मात्र काकू गोठ्यात गेल्या आणि बुटकीच्या मानेला मिठी मारून पोटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी फाटकात एक जण पत्ता विचारायला थांबला. मास्तर सरीत वाकून तण उपटत होते. त्यांनी चिखलाचा हात वर केला, क्षणभर तो हवेत तसाच राहिला, आणि मग त्यांनी नुसता पत्ता सांगितला.