बसचालकाच्या घरची गादी

मी एक जुनी गादी आहे. कापसाची नव्हे, मेमरी फोमची. मित्रांनो, मला दाबलं की मी हळूच खाली जाते आणि हात काढला की सावकाश वर येते. दुकानात सगळे मला बोटाने दाबायचे, "वा!" म्हणायचे आणि निघून जायचे. आमच्या जातीत मी स्वस्तातली, त्यामुळे शेजारची जाडजूड गादी माझ्याशी बोलतही नसे.

एके दिवशी एक बसचालक बायको आणि आईला घेऊन आला. त्याची पाठ इतकी दुखे की गाडी चालवणं मुश्कील झालं होतं. असंच चाललं तर त्याला ऑफिसात बसवणार होते, आणि गाडीशिवाय त्याला करमणार नव्हतं.

"कडक गादीच घ्या," आई म्हणाली.

"आई, पाठ त्यांची आहे, त्यांनाच ठरवू द्या. अहो, बूट काढा आणि घरी झोपता तसे झोपा," बायको म्हणाली.

कडक गादीवर तो कण्हला. जाडजूड गादीत इतका रुतला की दोघींनी ओढून काढला. मग माझ्यावर कुशीवर वळला. मी त्याच्या खांद्याला जागा दिली, कमरेला आधार दिला. तो चक्क घोरू लागला!

"ताई, उठवा त्यांना," दुकानदार घाबरला.

"उठवते. पण गादी आता वापरलेली झाली. भाव कमी करा."

"वापरली कोणी?"

"तुमच्यासमोरच तर वापरली!"

दुकानदाराने हात टेकले आणि मी त्यांच्या घरी आले.

पण घरी पाठदुखी थांबेना. तो वळला की माझ्यातून चर्र चर्र आवाज यायचा, आणि घामाने तो चिंब व्हायचा. "परत करा ही गादी!" तो ओरडला. मला फार वाईट वाटलं. शेवटी बायकोने चादर काढली. खाली दुकानदाराने पाठवताना चढवलेलं माझं प्लास्टिकचं वेष्टण जसंच्या तसं!

"आई, हे काय?"

"नवी वस्तू आहे. मळली असती."

"मग प्लास्टिक काढायचं कधी?"

"जुनी झाल्यावर!"

वेष्टण निघालं. मी मोकळा श्वास घेतला आणि त्यालाही गाढ झोप लागली. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही तो करत होता, त्यामुळे सगळं श्रेय मी लाटत नाही. पण तो पुन्हा गाडीवर गेला, तेव्हा मला थोपटून गेला.

त्या घरात माझी बरीच वर्षं गेली. आता मधोमध मला खड्डा पडला आहे. मित्रांनो, आम्हाला कडक उन्हात तापवू नका, सावलीत वारा द्या. अधूनमधून डोक्याकडची बाजू पायाकडे करा. आणि आमच्यावर उड्या मारू नका. आम्ही सोसतो, पण ते सगळं आत साठतं.

काल घरची मंडळी नवी गादी आणायला निघाली. आई मात्र माझ्यावर आडवी होती.

"आई, चला ना. निवडायला नको?"

"तुम्ही तुमची निवडा," डोळे न उघडता ती म्हणाली. "माझी निवडून झाली."