टोपलीखालचं पीठ

परीक्षा सुरू होण्याआधी सगळी खोली कॅमेऱ्याला दाखवावी लागते. मी लॅपटॉप उचलून भिंती दाखवल्या, पलंगाखालची जमीन दाखवली, आतून कडी लावलेलं दार दाखवलं. कोपऱ्यातल्या दिव्याशी आल्यावर कानातला आवाज म्हणाला, "मॅडम, ते काय आहे?"

"दिवा. माझे वडील वारले. आज दहावा आहे."

"सॉरी, मॅडम." निरीक्षक मुलगी तरुण असावी. "आणि शेजारी टोपली?"

"तिच्याखाली पीठ आहे."

"उचलून दाखवाल का?"

"नदीकाठच्या प्रकाशा गावाहून आमची माणसं परत आल्याशिवाय ती उचलता येत नाही."

तिने तिकडे कोणाला तरी विचारलं असावं. मग म्हणाली, "ठीक आहे. चेहरा स्क्रीनकडे ठेवा. मागे वळायचं नाही. खोलीत दुसरं कोणी आलं तर परीक्षा रद्द होते, हे माहीत आहे ना?"

माहीत होतं. मी नाशिकला एका फॉरेन्सिक प्रयोगशाळेची व्यवस्थापक आहे. त्या पदाचं प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी परीक्षा देऊन नवं करावं लागतं. अप्पा दवाखान्यात होते तेव्हा मी एकदा मुदत वाढवून घेतली होती. दुसऱ्यांदा देत नाहीत. आज हुकलं तर प्रमाणपत्र संपणार, अहवालांवर सही करण्याचा अधिकार जाणार, आणि त्यामागोमाग खुर्ची. माणसांनी भरलेल्या घरात दार लावून बसता येईल आणि नेट चालेल अशी एकच खोली होती, अप्पांची. क्रिकेट बघायला त्यांनी वायफाय घेतलं होतं, त्याची पेटी त्यांच्या उशाजवळच्या भिंतीवर होती. त्याच भिंतीखाली त्यांनी शेवटचा श्वास घेतला, म्हणून दिवाही तिथेच.

पीठ फुईने आदल्या संध्याकाळी चाळलं होतं. फुई म्हणजे अप्पांची बहीण, जसोदाबाई. दिव्याजवळच्या जमिनीवर पिठाचा पातळ थर, त्यावर उपडी टोपली. दहाव्याचे विधी आटोपून माणसं नदीवरून आली की टोपली उचलायची. पिठात पाखराचं पाऊल दिसलं तर गेलेला पाखराच्या जन्माला गेला, मुंगीची वाट दिसली तर मुंगीच्या. आमच्या गुजरांच्या घरांत हे सगळे बघतात, आणि बघताना कोणी हसत नाही.

फुई अप्पा गेल्यापासून दिव्याजवळच झोपत होती. तिला खोलीबाहेर काढणं मला अभ्यासापेक्षा अवघड गेलं.

"दिवा कोन देखी?"

"मी देखसू, फुई."

"तुन्हं ध्यान त्या डबामा ऱ्हाई. दिवा विझना तं भाऊले वाट सापडाव नही. तुन्हा पेपर व्हवापावत आंधारामा फिरत ऱ्हाई तो."

"विझाव नही."

"लिखी दे," ती म्हणाली. "जगले लिखी देस ना तू, मालेबी दे."

मला हसू आलं. अप्पा गेल्यानंतरचं ते पहिलंच असावं. ती पदर झटकत कोठीकडे गेली आणि मी कडी लावली.

लॅपटॉप मी असा ठेवला होता की स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या माझ्या छोट्या चित्रात खांद्यामागचा दिवा दिसावा. मागे न वळता दिवा राखायची ही माझी युक्ती. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद होता. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात वर नेला की स्क्रीनवर सूचना येई: चेहरा झाकू नका.

सुरुवातीचे प्रश्न सरळ होते. उपकरणांची तपासणी, नव्या माणसांचं प्रशिक्षण. प्रत्येक उत्तरानंतर मी चित्रातला दिवा बघत होते. मग एकदा बघितलं तेव्हा ज्योत खाली बसली होती. फुईने सकाळी तेल घातलं होतं, मला वाटलं होतं पुरेल. किती पुरतं हे मी विचारलंच नव्हतं.

उठले तर परीक्षा रद्द. बसून राहिले तर दिवा जातो. मी पुढचा प्रश्न वाचला, तो कळला नाही, पुन्हा वाचला. 'सीलबंद नमुन्याला धक्का लागल्याचे आढळल्यास व्यवस्थापकाने प्रथम काय करावे?' याचं उत्तर मी झोपेतही दिलं असतं. माऊसवरचं बोट हलेना.

तेव्हा मागून श्वास ऐकू आला.

अप्पांना दमा होता. श्वास घेताना छातीत बारीक शिटी वाजायची, सोडताना घरघर. लहानपणी त्या आवाजावरून मला कळायचं की ते शेतातून आले. आता तोच आवाज माझ्या पाठीमागे होता, जमिनीच्या जवळ. शिटी, घरघर. कडी मी स्वतः लावली होती. चित्रात माझा चेहरा होता आणि त्यामागे विझत आलेला दिवा. मग चित्राच्या काठाशी टोपली हलली.

मी नमुने, ठसे, हाडं यांच्यात आयुष्य काढलं आहे. मेलेलं माणूस काही करत नाही हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे. त्या क्षणी त्या माहितीचा काही उपयोग झाला नाही.

"मॅडम," कानात ती मुलगी म्हणाली, "तुमच्या मागे कोणी आहे का?"

नाही म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. तिला नीट दिसलं नसावं, म्हणूनच ती विचारत होती. पण नाही कसं म्हणू? ते अप्पा असतील, तर मी त्यांच्या खोलीत बसून, त्यांच्यासमोर, ते नाहीत असं परक्या मुलीला सांगणार होते. आणि ते नसतील, तर मला त्याहून जास्त भीती वाटत होती.

"मॅडम?"

"आहे," मी म्हटलं. "कोणीतरी आहे. कोण ते माहीत नाही. मी वळून बघते."

आणि वळले.

फुई कोपरांवर आणि गुडघ्यांवर होती, गाल जवळजवळ जमिनीला टेकलेला. कोठीतून या खोलीत उघडणारं मागचं बुटकं दार, पोत्यांमागचं, जे आम्ही सगळे विसरलो होतो, ते उघडं होतं. लांब केलेल्या हातातल्या वाटीतून ती दिव्यात तेल ओतत होती. ज्योत उभी राहिली. फुईच्या छातीतून शिटी वाजली. भावाबहिणीचा दमा एकच होता, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं.

"तिले दिखनं का?" ती कुजबुजली. "रांगत उनू ना मी."

"मॅडम, मला सत्र बंद करावं लागेल," ती मुलगी म्हणाली. तिचाही आवाज बारीक झाला होता. स्क्रीन पांढरी झाली.

दुपारी माणसं परतली. ओल्या धोतरांनी सगळे खोलीत गोळा झाले आणि माझा धाकटा भाऊ ललित याने टोपली उचलली. पिठात एक वाकडी, गुळगुळीत रेघ होती.

"साप," कोणीतरी म्हणालं.

बायका मागे सरल्या. साप म्हणजे जीव घरात अडकलेला. ललितचा चेहरा उतरला. "ताई," तो म्हणाला, "तू ठसा देखस ना? तू सांग."

फुई भिंतीला टेकून खाली बघत होती. तिचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

मी गुडघ्यांवर बसले. रेघेची वाकण टोपलीच्या काठाशी जुळत होती. शेजारी तेलाचा थेंब होता, त्यात पीठ भिजलं होतं.

"टोपली सरकेल शे," मी म्हटलं. "तेल टाकतांना फुईना हात लागना. खोलीमा मीबी होतू. धक्का लागेल पिठावरथीन काहीच सांगता येवाव नही."

अशा नमुन्यांच्या अहवालात मी हेच लिहिते: अभिप्राय देता येत नाही.

"मंग अप्पा कोठे गयात?"

"माहीत नही."

सापाने जितके घाबरले नव्हते तितके सगळे त्या उत्तराने घाबरले. ललितने टोपली छातीशी धरली होती, ती खाली ठेवायचं त्याला सुचेना. मग एकेक जण बाहेर गेला.

उन्हं उतरताना ईमेल आला. परीक्षा रद्द, प्रमाणपत्राची मुदत संपली, पहिल्या पायरीपासून पुन्हा अर्ज करावा. मी दिव्याजवळ बसून तो वाचला. फुई वात सारत होती.

"पास व्हयनी का?"

"नही."

"मन्हामुये?"

"हां."

मी नाही म्हणेन असं तिला वाटलं असावं. तिने वात आणखी थोडी पुढे सारली.

"मंग पुढला बखत," ती म्हणाली, "मन्हा दहावाले, मन्हा दिवामोरे पेपर नको ठेवजो. लिखी दे."

या वेळी मला हसू आलं नाही. तिने श्वास घेतला, आणि ती शिटी मी पुन्हा ऐकली.