बोटाखालचा बुडबुडा

मित्रांनो, सुई म्हटलं की तुम्हाला शिवणकाम आठवतं. मी त्यातली नव्हे. मी एक जुनी, झिजलेली पोलादी सुई आहे. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंजिनात वायूची वाट उघडायची आणि मिटायची, एवढंच माझं काम. आज मात्र मी टोफूच्या वडीत रुतून बसले आहे. हो, खायच्याच टोफूच्या! माझाच विश्वास बसत नाही.

माझा जन्म जपानमधल्या इमाबारी बंदरालगतच्या कारखान्यातला. बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीसाठी तिथं नवं इंजिन घडत होतं. आमच्या वेळची रीत साधी होती. इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर मला बसवलेलं असे. मी क्षणभर उचलली जाई, हायड्रोजन हवेत मिसळे आणि दोघं मिळून सिलिंडरमध्ये शिरत. डिझेलच्या सुयांचं बरं असतं, त्यांना तेलाचा ओलावा तरी मिळतो. हा वायू ठणठणीत कोरडा! मिनिटाला शेकडो वेळा मी कोरडीच आपटत राहिले.

इंजिनाची आखणी करणाऱ्या इझावा-सान (सान म्हणजे तुमच्याकडचं 'जी') वयानं लहान होत्या. त्यांचं म्हणणं असं की वायू नळीत सोडूच नये. हवेची झडप मिटली की मग थेट सिलिंडरमध्ये सोडावा, म्हणजे आग मागे फिरून नळीत येणार नाही. वडीलधारे हसले. एवढ्या आगीत सुई टिकायची कशी, म्हणाले.

मला सांभाळत कारखान्यातले जुने तपासनीस मिनागावा-सान. रोज सकाळी ते मला माझ्या धातूच्या घरासकट बाहेर काढत, टोक पाण्याच्या ग्लासात बुडवत आणि मागून हवेचा दाब देत. मिनिटभर बुडबुडा आला नाही की बोट रोखून खणखणीत म्हणत, "योशी!" म्हणजे पाहिलं, ठीक आहे. तपासताना बोट तर आमच्याकडे सगळेच दाखवतात, पण त्यांच्यासारखं रुबाबात कुणी नाही.

त्या दिवशी फेरीबोटवाले पाहुणे आले होते. त्यांना तो रुबाब इतका आवडला की फोटोच काढायचा म्हणाले. मिनागावा-सान ताठ झाले, बोट रोखलं. आणि त्याच क्षणी माझ्या झिजलेल्या कडेतून एक बुडबुडा निसटला. मी मनात ओरडले, अहो, बघा ना इकडे! ते म्हणाले, "योशी!"

तासाभरात मी नळीत नको तेव्हा वायू गाळत होते. झडप उघडली, आतल्या धगीनं तो पेटला आणि कानठळ्या बसवणारा आवाज झाला. नळी फाटली. शेजारी उभ्या असलेल्या इझावा-सान कान दाबून खाली बसल्या. मी हादरलेच. त्याहून मोठा धक्का पुढे बसला. संध्याकाळपर्यंत सगळे म्हणायला लागले की वायू सोडायची वेळ इझावा-साननी चुकीची ठरवली. मिनागावा-साननी तर तपासलं होतं ना! इझावा-सानना कामावरून काढायचं घाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनी फोटो पाठवला. इंजिनातून काढल्यापासून मी मिनागावा-सानच्या खिशात होते, म्हणून सांगते, फोटो त्यांनी दोनदा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बोट बरोबर बुडबुड्यावर होतं. डोळे कॅमेऱ्याकडे होते. फोटो खिशात घातला असता तर कुणाला कळलंही नसतं. ते थेट इझावा-सानपुढे जाऊन कमरेत वाकले आणि पुटपुटले, "चूक तुमची नाही. मी बोट दाखवलं, पाहिलं नाही."

"जरा मोठ्यानं सांगा," त्या म्हणाल्या. "डाव्या कानानं अजून ऐकू येत नाही."

मग त्यांना ते मोठ्यानं सांगावं लागलं. अख्ख्या कारखान्यानं ऐकलं. छत्तीस वर्षांचं नाव त्या एका वाक्यात गेलं.

नव्या इंजिनात माझी धाकटी बहीण थेट सिलिंडरच्या तोंडाशी बसते, इझावा-सान म्हणायच्या तशीच. मिनागावा-सान तिलाही रोज पाण्यात बुडवतात. तो फोटो त्यांनी स्वतःच ग्लासामागच्या भिंतीवर लावला आहे.

आठ फेब्रुवारीला देवळात बायका वर्षभरात मोडलेल्या सुया टोफूत टोचून त्यांचे आभार मानतात. त्या रांगेत यंदा एकटा पुरुष होता, मिनागावा-सान. "फार आपटलीस," ते मला म्हणाले, "आता मऊ जागी राहा." मित्रांनो, मला खूप रडू आलं. तुम्ही बोट खुशाल दाखवा, पण आधी बघा. माझ्यासारखीला ओरडता येत नाही हो.