दोन पकडींची दोरी

मित्रांनो, स्वस्थ राहणं मला ठाऊकच नाही. मी एक जुनी दोरी आहे, कुत्र्याच्या गळपट्ट्याला अडकवतात ती. मला दोन पकडी आहेत. टोकाची ठमीच्या आईची. मधली, बॅगा दुरुस्त करणाऱ्याने मागाहून शिवलेली, ठमीची.

ठमी सात वर्षांची आहे आणि स्वमग्न आहे. मोठे आवाज तिला टोचतात, चेहऱ्याकडे बघणं जड जातं आणि उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. घराबाहेरच्या एकाही मुलाशी ती कधी बोलली नव्हती. आईच्या जिवाला तोच घोर. म्हणून ढब्बू नावाचं कुत्रं घरी आलं, आणि त्याच्यासोबत मी.

बागेत ढब्बू मला पुढे ओढी, आई मागे खेची, मधे ठमी पकड पिळत राही. माझे धागे सुटू लागले. मुलं धावत येत. "चावतो का गं?"

ठमीचे ओठ हलायच्या आत आई म्हणे, "नाही रे बाळा, गरीब आहे."

मग मुलं आईशीच बोलत आणि निघून जात. रोज हेच. आईचा तळवा घामाने भिजलेला असे. तिला गप्प राहवतच नसे.

एकदा दोन वेण्यांची एक मुलगी आली. "हात लावू?"

नेमक्या त्याच वेळी आईला शिंकांनी गाठलं. एक, दुसरी, तिसरी! मुलगी उभीच. आईने नाक पुसत तोंड उघडलं, तशी मुलगी म्हणाली, "काकू, थांबा ना! तिला विचारलंय मी."

आईची मूठ माझ्याभोवती आवळली. पण ती गप्प राहिली.

"मागून नको," ठमी ढब्बूकडे बघत म्हणाली. "समोरून ये. हळू. डोक्यावर नको, छातीवर."

"अशी?"

"हं."

"उद्या येशील?"

ठमी मला पिळत राहिली. मुलगी मोजे वर ओढत थांबली.

"उद्या नाही. त्याची आंघोळ आहे."

"बाई गं! मग परवा?"

बऱ्याच वेळाने ठमी म्हणाली, "येईन."

ढब्बूने तिला बरं केलं असं समजू नका. ती आजारी नव्हतीच. आजही हॉर्न वाजला की ती कान झाकते आणि मला पिळते. मित्रांनो, अशी कुणी भेटली तर तिच्याशी जरूर बोला. मात्र एक प्रश्न विचारलात की लगेच दुसरा पुढे ढकलू नका. तिचं उत्तर निघालेलं असतं; पोहोचू द्या.