घरकुलातली चूल

पाड्यात असं एकही घर नव्हतं, जिथल्या बाळंतिणीला नवसीने शेक दिला नव्हता. बाळंतपणं आता दवाखान्यात होत, पण पोर घेऊन बाई घरी आली की बोलावणं नवसीलाच येई. लाकडं जळून निखारे लाल होऊ द्यायचे, धूर पार थांबला की घमेल्यात काढायचे, वर राखेचा पातळ थर पसरायचा आणि घमेलं बाजेखाली सरकवायचं. तीस वर्षांत तिचा हात कधी चुकला नव्हता.

डिसेंबरात तिच्याच सुनेला, स्वातीला, मुलगा झाला. पोर दोन किलोंच्या जरा वर. "याला ऊब लागेल हां, जपा," दवाखान्यातल्या सिस्टरने घरी पाठवताना सांगितलं. नवसीला ते सांगावं लागत नव्हतं. त्या वर्षी थंडीही कडक होती. सूर्या नदीकडून येणारा वारा सकाळी नऊपर्यंत अंगाला झोंबायचा.

घर मात्र नवं होतं. मागच्या उन्हाळ्यात घरकुल पुरं झालं. विटांच्या भिंती, आतून-बाहेरून प्लास्टर, लोखंडी दार आणि काचेची खिडकी. नवसीचा मुलगा, स्वातीचा नवरा धीरज, बोईसरच्या कारखान्यात कामाला होता. त्याने स्वतः उभं राहून एकेक फट सिमेंटने बुजवून घेतली होती.

बाळंतपणाच्या नवव्या दिवशी सकाळी नवसीने रोजच्यासारखं घमेलं बाजेखाली सरकवलं. स्वाती म्हणाली, "आये, कालपासून डोकां जड हाय. मळमळतं पन."

"ओली बाळंतीण तू, असणारच. पडून राहा." वारा येऊ नये म्हणून नवसीने खिडकी लावली, दार ओढून घेतलं आणि बाळाचे कपडे धुवायला बोअरिंगवर गेली.

त्या दिवशी पाड्याची आशा कार्यकर्ती वैभवी येणार होती, बाळाचं वजन करायला. तिने हाक मारली, दार वाजवलं. ओ नाही. ढकलून आत गेली तर स्वाती डोळे अर्धे मिटून पडलेली, हलवलं तरी नुसती कण्हत होती. कुशीतलं बाळ कापडासारखं ढिलं. वैभवीने आधी बाळ बाहेर अंगणात आणलं, मग ओरडत परत आत जाऊन स्वातीला काखेत धरून फरफटत उंबऱ्याबाहेर काढलं. ओरडणं ऐकून नवसीचा नवरा चिंतू शेतातून धावत आला. नवसी धुणं घेऊन पोहोचली तेव्हा शेजाऱ्याची जीप सुरू झाली होती. बाळ वैभवीच्या हातात होतं आणि बारीक आवाजात रडत होतं. ते रडणं ऐकून नवसी धुणं तिथेच टाकून जीपमध्ये चढली.

दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत स्वाती बोलायला लागली. संध्याकाळी बाळ प्यायलं. डॉक्टरांनी नवसीला बाजूला बसवून घेतलं. त्यांनी आवाज चढवला नाही.

"निखारे बंद खोलीत ठेवले की त्यातून विषारी वायू निघतो, मावशी. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं, एवढंच."

"पन धूर नव्हता, डॉक्टर. धूर थांबल्याबिगर मी आत नेतच नाय."

"धूर नव्हता म्हणून तर कुणाला कळलं नाही."

स्वातीची आई दवाखान्यातूनच लेकीला आणि नातवाला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना ती नवसीशी बोलली नाही. स्वातीही खाली बघत गाडीत बसली. नवसीने अडवलं नाही. अडवायला तोंड कुठे होतं?

चार दिवस ती चुलीपाशी गेली नाही. चिंतूने भात लावला, तो करपला, दोघांनी तसाच खाल्ला. "एवढी पोरं मी शेकली," ती म्हणाली, "एकालाबी काय झाला नाय. माझ्याच घरात कसा झाला?"

चिंतूने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ती घरां कुडाची होती. वारा भिंतीतूनच यायचा. तू शिव्या द्यायचीस त्या वाऱ्याला."

नवसीने त्याच्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड झाकून रडली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

रविवारी धीरज सुट्टीवर होता. "आये, घरात आता आगच नको," तो म्हणाला. "मी हीटर आणतो."

"आणि लाईट गेली म्हंजे? आंघोळीचं पाणी, भाकरी सगळा लाकडावरच हाय. आग तर पायजेच. ती कशी ठेवायची ते मला बघू दे."

वैभवीने सांगितलं होतं की बाळाची खरी ऊब आईच्या छातीशी असते. उघड्या अंगाला बाळ लावायचं, वरून गोधडी, डोक्याला टोपी. आणि घरात लाकूड जाळायचं तर धुराडं हवंच. नवसीने दोन्ही गोष्टी मनात धरल्या आणि धीरजबरोबर बोईसरला गेली.

चंद्रभानच्या दुकानात शेगड्या ओळीने मांडल्या होत्या. त्याने चकचकीत स्टीलची एक पुढे केली. "ही घ्या, मावशी. खाली पंखा आहे, लाकूड निम्मं लागतं. धूर जवळजवळ नाहीच."

धीरजला ती आवडली. नवसी तिच्यापुढे उकिडवी बसली, आत हात घालून पाहिलं. "यातून जे काय निघल ते जाईल कुठं?"

"निघतच नाही फारसं."

"निघल तेवढा घरातच ना?"

चंद्रभानने स्टीलची शेगडी मागे सरकवली. "हो. ही अंगणात वापरायची, खरं सांगायचं तर. घरात पाहिजे तर ती मागची." मागे ओतीव लोखंडाची जड चूल होती, दोन भांड्यांची, पाठीला पाइप. "पण भिंतीला भोक पाडावं लागेल. पाइप छपराच्या वर न्यावा लागतो. काजळी झाडावी लागते, नाहीतर पाइप तुंबतो आणि धूर परत घरात. लाकूड सुकंच हवं. लोक कंटाळतात."

"मी नाय कंटाळणार," नवसी म्हणाली.

बसवताना धीरज आणि तिचं एकदाच वाजलं. पाइपचं भोक त्याने मान्य केलं, पण नवसी म्हणाली, हवा खेळायला माळ्याखालच्या दोन विटाही काढ, आणि खाली दाराजवळची एक. "नव्या भिंतीला एवढी भोकां?" तो चिडला.

"भिंत तुझी हाय. पोरगा पन तुझाच हाय."

त्याने छिन्नी उचलली. पहिल्यांदा चूल पेटली तेव्हा नवसी अंगणात उभी राहून छपरावर बघत होती, चिंतू आत. धूर पाइपच्या तोंडातून सरळ वर गेला. आत चिंतूच्या डोळ्यांना पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच स्वातीच्या माहेरी गेली. न्यायला नाही. अंगणात बसून तिने स्वातीच्या आईला सगळं सांगितलं: खिडकी मीच लावली, पोर डोकं दुखतं म्हणत होती तरी मी ऐकलं नाही. "तुमची लेक कवा धाडायची ते तुमी ठरवा. पन तुमच्याकडे बाजेखाली निखारे ठेवू नका. एवढा सांगायला आले."

स्वातीच्या आईने चहा टाकला. स्वाती दारात उभी राहून ऐकत होती, बाळ गोधडीत छातीशी बांधलेलं.

"आये, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं," ती म्हणाली.

"मुद्दाम नाय. पन केला मीच."

स्वाती उंबऱ्यावरून खाली उतरली. जवळ येऊन तिने गोधडीची गाठ सोडली आणि बाळ नवसीच्या मांडीवर ठेवलं. नवसीने हात लावायला क्षणभर वेळ घेतला. पोर अंगाने भरलं होतं. उन्हात डोळे बारीक करून ते जांभई देत होतं.

"संक्रांत झाली की येईन," स्वाती म्हणाली. "खिडकी मात्र मी सांगेन तशीच राहील."

"तू म्हनशील तशी," नवसी म्हणाली आणि बाळाची टोपी कानांवर नीट ओढली.