दहा अक्षरांची जागा

मी एक जुना लोगो आहे. कागदावर छापलेला नव्हे, टीव्हीच्या काचेवर उजळणारा. 'भिंगरी' नावाचा व्हिडिओ गेमचा डबा एके काळी पुण्यात निघाला होता. बटण दाबलं की आधी मी यायचो, चार सेकंद गरगर फिरायचो आणि मग खेळ सुरू व्हायचा. मित्रांनो, तुम्ही 'भिंगरी'चं नाव ऐकलेलं नाही, हे मला माहीत आहे. त्याची शरम वाटून घेऊ नका. शरम ज्यांना वाटायला हवी होती, त्यांना ती अजून वाटलेली नाही.

माझा जन्म १९९२ साली नारायण पेठेतल्या दोन खोल्यांच्या कारखान्यात झाला. मालक श्यामराव परचुरे. मला घडवलं मात्र दीक्षा रणपिसेने. वय बावीस, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायची. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने एकेक घर भरत तिने माझी चार पाती काढली. मग प्रत्येक ओळीतली भरलेली घरं बघून त्यांचे आकडे मांडले आणि ते आकडे चिपमध्ये भरले. पहिल्यांदा मी उलटाच फिरलो. ती एकटीच हसली आणि परत वही घेऊन बसली.

माझ्याखाली एक ओळ होती. तिच्यात दहा अक्षरं मावत. मशीन जो उभं करील त्याचं नाव तिथे येईल, असा शब्द श्यामरावांनी आपण होऊन दिला होता. मशीन दीक्षानेच उभं केलं होतं. तिने लिहिलं, दीक्षा रणपिसे.

श्यामरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आडनाव काढ. जागा नाही."

"साहेब, दहा अक्षरं बसतात. मधली मोकळी जागा धरून माझी सात झाली."

"डोळ्यांना गर्दी वाटते गं. नुसतं दीक्षा कसं छान दिसतं. घरातल्यासारखं."

ती जागा माझ्या अंगावरची, मित्रांनो. किती होती ते मला विचारा. गर्दी माझ्यात नव्हती. आडनाव वाचून माणसाची जात हुंगणाऱ्या डोळ्यांत ती होती.

नाव तरी राहतंय, असं म्हणून दीक्षाने आडनाव पुसलं.

पुढे श्यामरावांनी तिला आणखी एक काम दिलं. मशीनला मराठी येत नव्हतं. जेवढी अक्षरं कुणी काढून द्यावीत, तेवढीच ते दाखवायचं. "पुढच्या खेळात मराठी कोडी घालू. सगळी मुळाक्षरं, काना-मात्रे काढून ठेव," ते म्हणाले. दीक्षा तीन आठवडे खपली. 'र' तर तिने सहा वेळा खोडला. तो पोटाशी वाकत नव्हता.

'भिंगरी' लोकांना पहिल्यांदा दाखवायचं प्रदर्शन ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी ती लवकर घरी गेली. वडिलांना तिने सांगून ठेवलं होतं, उद्या टीव्हीवर माझं नाव बघायला या. त्याच दुपारी श्यामरावांचा पुतण्या केदार माझ्यासमोर येऊन बसला. मुंबईहून नुकताच इंजिनिअर होऊन आलेला. 'भिंगरी'चा एक स्क्रूही त्याने पिळलेला नव्हता.

"काका, दीक्षा काय म्हणेल?"

"काही म्हणत नाही. उद्या पेपरवाले येणार, बाहेरचे भागीदार येणार. तिला पुढे करू? तू बदल ते."

केदार थोडा घुटमळला. मग त्याने दीक्षाच्याच अक्षरांतून एकेक उचललं. केदार परचुरे. मधली जागा धरून आठ. आरामात मावली.

प्रदर्शनात बाबुराव रणपिसे इस्त्रीचा शर्ट घालून आले. दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस. लोकांनी त्यांना वाट दिली. दीक्षाने स्वतः बटण दाबलं. मी फिरलो आणि थांबलो. बाबुरावांनी काचेवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग वळून लेकीला विचारलं,

"कंपनीत तुला या नावानं बोलावतात का गं?"

मला विझता आलं असतं तर मी तिथेच विझलो असतो.

"नाही बाबा. ते माझं नाव नाही." दीक्षा श्यामरावांकडे वळली. "साहेब, आडनावाला जागा नव्हती ना?"

"लोकांसमोर तमाशा नको, दीक्षा. आणि अगं, अक्षरं तर सगळी तुझीच आहेत ना?"

बाबुराव शांतपणे म्हणाले, "असं करा साहेब. अक्षरं ठेवून घ्या. पोरगी मी घेऊन जातो."

दोघं गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात केदारचा फोटो आला. 'पुण्याच्या बुद्धीची झेप', असं खाली छापलं होतं.

दोन-तीन वर्षांत बाहेरून स्वस्त डब्यांचा पूर आला. श्यामराव तेच डबे विकू लागले आणि 'भिंगरी' भंगारात गेली. दीक्षा पुढे हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, एवढं कानावर आलं.

मी सुटलो नाही. हल्ली जुन्या खेळांचे शौकीन भंगारातून मला शोधून काढतात, सुरू करतात, टाळ्या वाजवतात आणि केदारचं नाव लिहून घेतात. लेख लिहितात त्याच्यावर. त्यानेही आजवर 'मी नाही' म्हटलेलं नाही. आणि मी? चिपमध्ये जे भरलं तेच मला दाखवावं लागतं. दर वेळी मीच खोटी साक्ष देतो.

जुन्या वस्तू आपल्याला जपा म्हणून विनवतात. मी विनवणार नाही. माझ्या चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी आहे, तिच्यावर कागद चिकटवलाय. तो सोला आणि मला घराबाहेर कडक उन्हात ठेवा. त्या काचेतून ऊन आत गेलं की चिपमध्ये भरलेलं सगळं हळूहळू पुसतं. काही आठवड्यांत मी कोरा होईन. माझी पाती जातील, तो सहा वेळा खोडलेला 'र'सुद्धा जाईल. जाऊ द्या.

तेवढा जीव झाला नाही तुमचा, तर मला सुरू करताना शेजारी जो कुणी बसला असेल त्याला मोठ्याने सांगा, की हे सगळं दीक्षा रणपिसेने केलंय. आडनावासकट सांगा.