पत्र त्यांचेच, पुरावा आम्ही द्यायचा

मी एक जुनी फॅक्स मशीन आहे, मित्रांनो, आणि खरे सांगायचे तर फार वैतागलेली आहे. तुम्ही मला कधी पाहिलेही नसेल. एका गावात घातलेला कागद मी टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्या गावात जसाच्या तसा उमटवते. हेच माझे काम.

कारखान्यातून मी थेट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका छोट्या गावात आले, कोरीन हेबी या विमा एजंटबाईंच्या कचेरीत. तेव्हा माझा काय थाट होता! लोक मला बघायला यायचे. कोरीन माझ्यावर रोज फडके फिरवायची. पुढे संगणक आले आणि मी नाताळच्या सजावटीच्या खोक्याखाली कपाटात गेले. सहा वर्षे माझ्या डोक्यावर एक प्लॅस्टिकचे हरिण बसून होते.

मग एका जुलै महिन्यात लॉर्न आणि मार्लिस वोयान हे नवराबायको कचेरीत आले. त्यांचे अ‍ॅकॉर्डियन, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायची पेटी, दुरुस्त करायचे दुकान होते. लॉर्न भाता शिवायचा, मार्लिस आतले रीड, म्हणजे सूर देणारी धातूची पाती, घासून सूर लावायची. आजूबाजूच्या चार परगण्यांत तिच्यासारखा कान कोणाचा नव्हता. पण तिला सांधेदुखीचा वाईट आजार होता. दर आठ आठवड्यांनी शहरातल्या दवाखान्यात सलाइनमधून औषध घेतले, तरच तिची बोटे चालत. ते औषध विम्याशिवाय परवडण्यासारखे नव्हते.

त्यांचा विमा छोट्या धंद्यांच्या गटाचा होता. दुकानात ऑर्विल नावाचा एकच नोकर. तो मे महिन्यात म्हातारपणामुळे निवृत्त झाला. आता नियम असा, की मालक आणि त्याची बायको एवढेच उरले तर त्यांना गट म्हणत नाहीत. तिसरे कोणीतरी नोकर हवे. विमा कंपनीने सात पानी पत्र पाठवले, की तीस जूनला तुमचा विमा संपला.

"चाळीस वर्षं भांडतोय आम्ही दोघं," लॉर्न म्हणाला. "अजून किती मोठा गट पाहिजे यांना?"

कोरीनने त्यांना धीर दिला. विमा गेला तर साठ दिवसांत स्वतःच्या नावाने वैयक्तिक विमा घेता येतो, आजार आहे म्हणून कोणी नाही म्हणू शकत नाही, हे तिने नीट समजावले. मार्लिसचे डॉक्टर ज्या विम्याच्या यादीत होते तो त्याच कंपनीचा होता. लगेच अर्ज केला तर एक ऑगस्टपासून तो लागू होणार होता आणि मार्लिसचे औषध होते सात ऑगस्टला. फक्त जुना विमा संपल्याचा पुरावा पाठवायचा, आणि तो फॅक्सनेच.

म्हणून माझ्यावरचे हरिण उतरले. नऊ जुलैला मी ते पत्र पाठवले. कंपनीचेच पत्र, कंपनीलाच!

चार दिवसांनी उत्तर आले, की तिसरे पान अस्पष्ट आहे. मी पुन्हा पाठवले. मग म्हणे, पत्रावर दुकानाचे नाव आहे, मार्लिसचे नाही. कोरीनने आतल्या पानावरच्या तिच्या नावाखाली रेघ मारली, मी पुन्हा पाठवले. मग कळले, की ते गटांच्या विभागात गेले आहे आणि वैयक्तिक विभाग वेगळा आहे. दोन्ही विभाग एकाच मजल्यावर होते, हे कोरीनला फोनवरच्या मुलीने सांगितले. उठून नेऊन देता का, असे विचारल्यावर ती म्हणाली, तशी पद्धत नाही.

माझ्यातून दर वेळी पोचल्याची पट्टी निघे, तारीख आणि वेळेसकट. दर वेळी काहीतरी नवे खुसपट निघे, आणि ऑगस्टअखेरपर्यंत कोरीनने अशा अकरा पट्ट्या फाईलला टाचल्या. मी तर किंचाळून सांगितले असते, पण मला फक्त एकच शिट्टी येते.

सात ऑगस्ट तसाच गेला. महिनाअखेरीस मार्लिस आली, तेव्हा तिला कचेरीच्या दाराची मूठ फिरवता आली नाही. लॉर्नने दार उघडले. एका लग्नात वाजवायचे वाद्य तिने दुरुस्त न करताच परत दिले होते.

"मला सूर ऐकू येतो गं," ती कोरीनला म्हणाली. "लावता येत नाही."

एकतीस ऑगस्टला कंपनीचा फोन आला. पुरावा तीस तारखेला मिळाला, साठ दिवसांची मुदत एक दिवस आधी संपली, आता वर्षअखेरच्या नोंदणीच्या वेळी या. कोरीनने फोन ठेवला. मग तिने अकरा पट्ट्या ओळीने कागदावर चिकटवल्या आणि राज्याच्या विमा कार्यालयाकडे तक्रार धाडली.

तिथे बर्टिल औने नावाचे एक सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रत्येक पान वाचले. मग कंपनीचा माणूस आणि कोरीन अशा दोघांना एकाच वेळी फोनवर घेतले.

"नऊ जुलैला कागद तुमच्या मशीनने घेतलाय," ते म्हणाले. "आणि कागद लिहिलाय कोणी?"

पलीकडे पाने उलटल्याचा आवाज आला.

"आम्हीच," कंपनीचा माणूस म्हणाला.

"मग त्यांचा विमा संपलाय, हे तुम्हाला नऊ जुलैच्या आधीच माहीत होतं. एक ऑगस्टपासून लागू करा."

तसे झाले. सप्टेंबरच्या मध्यावर मार्लिसला औषध मिळाले. हळूहळू हात सुटला आणि ती पुन्हा दुकानात बसू लागली. पण उजव्या हाताचे मधले बोट वाकले ते वाकलेलेच राहिले. डॉक्टर म्हणाले, मध्ये खंड पडायला नको होता. आता ती डाव्या हाताने रीड घासायला शिकते आहे. चौसष्टाव्या वर्षी.

मला पुन्हा कपाटात ठेवलेले नाही. पण त्याचे कौतुक वाटून घ्यावे, असे मला वाटत नाही.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्यातले कोणीतरी अशाच कचेरीत टेबलामागे बसेल. समोरच्याकडे पुरावा मागण्याआधी एकदा उठा आणि स्वतःचे कपाट उघडून बघा. मी अकरा वेळा पाठवलेला कागद त्यांच्याकडे पहिल्यापासूनच होता. मार्लिसचे बोट मात्र मला कुठूनही पाठवता येत नाही.